उटीचा ई-पास आणि गाडीचा नंबर: माझा अनुभव

उन्हाळ्यात उटीला भाड्याच्या गाडीने जाणार असाल, तर अॅडव्हान्स देण्याआधी गाडीचा नंबर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. आधी हे सांगते, बाकीचं मागून. 2025च्या मे महिन्यात आमची एक अख्खी सकाळ या नंबरापायी कोइम्बतूर स्टेशनबाहेर गेली आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 7 मे 2024 पासून निलगिरी जिल्ह्यात (उटी याच जिल्ह्यात) आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाडीसाठी ई-पास लागतो. 2025च्या एप्रिल ते जून हंगामाला न्यायालयाने मर्यादाही घातली. निलगिरीत एरवी दिवसाला 6,000 गाड्या, शनिवार-रविवारी 8,000. पास फुकट असतो. मोबाइलवर ओटीपी येतो, मग गाडीचा नंबर आणि प्रकार, माणसं किती, तारखा, मुक्काम करणार की त्याच दिवशी परत, एवढं भरलं की क्यूआर कोडचा पास हातात. नियम मला शंभर टक्के पटतो. त्या घाटाची आणि वरच्या गावाची रुंदी पाहिली की कोणालाही पटेल.

पण पास माणसाला नसतो, गाडीला असतो. घरची गाडी नेणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. आम्ही पुण्याहून रेल्वेने गेलो आणि पुढची टॅक्सी एका एजन्सीकडून ठरवली. नंबर विचारला तर उत्तर, ‘‘मॅडम, आदल्या रात्री मेसेज येईल.’’ पास काढायचाय म्हटलं, तरी तेच. शेवटी निघायच्या आदल्या रात्री नंबर आला. आम्ही रेल्वेतच होतो, रेंज येत-जात होती. ओटीपी यायचा तोवर पान बंद पडलेलं असायचं. नवरा दाराशी फोन उंच धरून उभा आणि मी बर्थवर बसून त्याला आकडे ओरडून सांगतेय, असं करत पास निघाला. हुश्श केलं आणि झोपलो.

सकाळी स्टेशनबाहेर आलो तर समोर दुसरीच गाडी! पांढरी, पिवळ्या पाटीची, आणि पाटीवरचे शेवटचे चारही आकडे वेगळे. ड्रायव्हरदादा बिचारे म्हणाले, रात्री ती गाडी दुसऱ्या पार्टीला गेली. मी एजन्सीला फोन लावला. ‘‘काही होत नाही, नाक्यावर सांभाळून घेतात.’’ हे ऐकून माझं डोकंच फिरलं. शनिवार होता. नाक्यावर कर्मचारी क्यूआर स्कॅन करून पाटीशी नंबर ताडतात, ते काय सांभाळून घेणार? आणि त्या दिवसाचा कोटा भरला तर घाटाखालच्या मेट्टुपाळयमच्या उन्हात आम्ही बसायचं, एजन्सीवाल्याने नव्हे. मी सरळ सांगितलं, नव्या नंबराचा पास निघेपर्यंत डिकीत बॅग ठेवणार नाही आणि उरलेले पैसेही देणार नाही. नवरा म्हणत होता, जाऊ दे, वाटेत बघू. मी जागची हलले नाही. ड्रायव्हरदादांकडून आरसी बुक मागून घेतलं, त्यावरून नंबर अक्षर अन् अक्षर टाकला, पुन्हा ओटीपी, पुन्हा तारखा. साइटवर गर्दी असावी, पान उघडायलाच जीव काढत होतं. आमच्या मागून आलेली चार-पाच कुटुंबं निघूनही गेली.

निघाला एकदाचा. कल्लारच्या नाक्यावर लांब रांग होती, कर्मचाऱ्याने फोनवर यंत्र धरलं, पाटीकडे पाहिलं आणि हात केला. पुढच्या गाडीला मात्र बाजूला घेतलं होतं. तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘बरं झालं अडून बसलीस.’’ त्या वाक्यावर माझा अर्धा शीण गेला.

पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, घाटात नेटचा भरवसा नाही. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना जिल्ह्यात बंदी आहे, नाक्यावर बघतात. घरून स्टीलच्या बाटल्या न्या. मैसूरकडून जाणाऱ्यांनी बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो हे धरूनच निघावं.

उटीबद्दल काय सांगू! मे महिन्यात दुपारी दोघांनी स्वेटर घालून बोटॅनिकल गार्डनच्या हिरवळीवर बसावं, एवढ्यासाठीही जावं. दोड्डबेट्टा शिखर 2,637 मीटरवर आहे, तिथे सकाळी लवकर पोचा, नंतर धुकं आणि गर्दी दोन्ही येतात.

हो, आणि एक राहिलंच. सरकारी बसने किंवा रेल्वेने जाणाऱ्याला हा पास लागतच नाही. मेट्टुपाळयमहून सकाळी सुटणारी दातेरी रुळांची गाडी 46 किलोमीटर चढून उटीला नेते, पण मे महिन्याचं आरक्षण फार आधी संपतं, आम्हालाही मिळालं नव्हतं. नाही मिळालं तर मेट्टुपाळयमपर्यंत रेल्वे, तिथून सरकारी बस, आणि वर फिरायला टीएन 43 पाटीची तिथलीच टॅक्सी. स्थानिक गाडी असल्याने पर्यटकांच्या पासची भानगड नाही. पुढच्या खेपेला आम्ही असंच जाणार आहोत.