खुंट फुलला, पण तो कोणता?

अमळनेरला आमच्या अंगणातला लाल कलमी गुलाब गेल्या वर्षी मेच्या उन्हात वाळला. पावसाळ्यात कलमाच्या सांध्याखालून फुटवे आले आणि फेब्रुवारीत त्यांना पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचे घोस लागले. आई म्हणाली, "हाऊ आपला गुलाब नही शे." बरोबरच होतं. लाल गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, ज्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, भरला होता, तो खुंट फुलला होता. दोन फुलं वहीत दाबून ठेवली.

या मे महिन्यात फौजेतल्या मामेभावाने हिमाचलातल्या धरमशाला गावाजवळून फोटो पाठवला. "दादा, तुझा गुलाब इथं झाडांवर चढलाय. इथले लोक कूजा म्हणतात." कूजा म्हणजे हिमालयातला रोझा ब्रुनोनी. तसाच पांढरा, घोसाचा. पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं, मोजल्या, इथंही सात, तिथंही सात. झालं, मी पंधरा दिवस तेच नाव धरून बसलो. पण खुंट म्हणून वापरतात त्या रोझा मल्टिफ्लोरा या दुसऱ्या पांढऱ्या गुलाबाला पाचपासून नऊपर्यंत पर्णिका येतात, म्हणजे सातवरून काहीच ठरत नाही.

शेवटी पानाचं बूड भिंगाखाली धरलं. देठ फांदीला चिकटतो तिथं दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी असते, ते उपपर्ण. माझ्या झाडाच्या उपपर्णाला फणीच्या दातांसारखी झालर होती. भावाला म्हटलं, फूल राहू दे, पानाच्या बुडाचा फोटो काढ. त्याच्याकडच्या उपपर्णाची कड सरळ निघाली, झालर अजिबात नव्हती.

तरी मन मानेना. वहीतलं फूल कोमट पाण्यात भिजवून उलगडलं. या दोन्ही गुलाबांत किंजलं, म्हणजे फुलाच्या मधल्या स्त्रीभागाच्या बारीक दांड्या, जुळून मधोमध एकच खांब होतो, नातं तिथंच दिसतं. पण ब्रुनोनीच्या खांबावर लव असते. माझ्या फुलातला खांब अगदी गुळगुळीत होता.

मल्टिफ्लोराच! मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1784 मध्ये नाव दिलेला. खुंट म्हणून तो पुष्कळ ठिकाणी वापरतात, आणि आमच्या लाल गुलाबाला इतकी वर्षं यानंच पोसलं होतं. त्याला उपटायचं माझ्या जिवावर आलं. जुलैत त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लावल्या, त्यातल्या चार फुटल्यात. थंडीत आईच्या आवडीच्या लाल गुलाबाचा डोळा त्यांच्यावर भरणार आहे. मूळ झाड मात्र कुंपणावर पांढरंच फुलू देणार.