बोटांचे ठसे उमटेनात

मसाजचं पाचशे तासांचं शिक्षण झालं, परीक्षाही पास झाले, आणि अडकले ती लायसन्ससाठी द्यायच्या ठशांपाशी. ठसे घेणारी बाई माझा अंगठा काचेवर तिसऱ्यांदा दाबत होती, पण स्क्रीनवर रेघा काही धड उमटत नव्हत्या. "हातांनी काम करणाऱ्यांचं होतं असं," ती म्हणाली. पहिले ठसे नाकारले गेले. दुसऱ्या वेळी जायच्या आधी आठवडाभर रोज रात्री हातांना लोशन चोळून झोपायचे. ते ठसे चालले.

मी टेक्सासमध्ये राहते. इथे पैसे घेऊन मसाज करायचा तर राज्याचं लायसन्स लागतं. ते टीडीएलआर नावाचं खातं देतं. २०१७ पर्यंत हे काम आरोग्य खात्याकडे होतं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मालिशीला कसली परीक्षा?" तिचंही बरोबर होतं. माझ्या बाळंतपणात घरी मालिश करायला यायच्या त्या मावशींकडे कुणी कधी कागद मागितला नव्हता, आणि त्यांच्या हाताला जे कळायचं ते मला अजून कळत नाही.

मसाजच्या शाळेत बसण्याआधीच विद्यार्थी परवाना काढावा लागतो. मग ते ५०० तास, आणि त्यांची वाटणीही कायद्यानेच ठरवून दिलेली. मसाजचं तंत्र २०० तास, त्यातले निदान १२५ स्वीडिश मसाजचे. शरीररचना ५०, शरीरक्रिया २५, स्नायू-सांध्यांच्या हालचालींचा अभ्यास ५०, आजारांची माहिती ४०, कायदे, व्यवसाय आणि नीतिनियम मिळून ४५. पाण्याचे उपचार आणि प्रथमोपचार-स्वच्छता प्रत्येकी २०. शेवटचे ५० तास इंटर्नशिप.

आजारांच्या त्या ४० तासांचं मोल मला इंटर्नशिपमध्ये कळलं. एक बाई आल्या, लांबचा विमानप्रवास करून. डावी पोटरी दुखतेय, जरा जोरात दाबून द्या म्हणाल्या. चादर बाजूला केली तर डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्ट सुजलेली, आणि तळहात नुसता जवळ नेला तरी गरम लागत होती. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे आदल्याच महिन्यात शिकले होते. मी हात लावला नाही. आमच्या शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं, आणि त्यांनी त्या क्लायंटला तिथूनच डॉक्टरकडे पाठवलं. आधी मलाही वाटायचं की दुखतं तिथे दाबायचं, एवढंच तर काम. त्या दिवसापासून "एवढ्याला कशाला लायसन्स" असं कुणी म्हटलं की मी वाद घालते.

परीक्षेचं नाव एमब्लेक्स. १०० प्रश्न, ११० मिनिटं, फी २६५ डॉलर. उत्तरं देत जाल तसे पुढचे प्रश्न सोपे-अवघड होत जातात, आणि एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. नापास झालात तर पुन्हा बसायला ३० दिवस थांबावं लागतं. शरीररचनेचं पाठांतर करून पास होऊ असं समजू नका. क्लायंटची तपासणी, उपचाराची आखणी आणि नीतिनियम यांवर त्याहून जास्त प्रश्न असतात. पास-नापास लगेच कळतं. मी गाडीत बसून आधी आईला फोन केला, तिकडे रात्रीचा दीड वाजला होता तरी.

खरा मनस्ताप नावाने दिला. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव, शाळेच्या कागदावर ते गाळलेलं. परीक्षेला ओळखपत्रावरचंच नाव लागतं म्हणून तिथे पूर्ण नाव दिलं होतं, त्यामुळे कागद जुळेनात. शाळेकडून नवा कागद मिळवायला पाच आठवडे आणि अकरा फोन लागले. आपल्याकडच्या बायकांना कळकळीने सांगते, शाळेत नाव घालतानाच पासपोर्ट समोर ठेवा.

त्यानंतर राज्याच्या कायद्यावरची ऑनलाइन परीक्षा आणि १०० डॉलर अर्जाची फी. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी १२ तासांचं शिक्षण. त्यात मानवी तस्करी कशी ओळखायची हेही शिकवतात. मसाजच्या पाटीआड बायकांना डांबून ठेवणारे धंदे इथे चालतात, कडक नियम बरेचसे त्यामुळेच आहेत. त्या लोकांमुळे आमच्याकडे संशयाने पाहिलं जातं याचा मला राग येतो, पण ठशांवरचा राग केव्हाच गेला.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. हे लायसन्स राज्याच्या सीमेपर्यंतच. न्यूयॉर्कला १००० तास लागतात. कॅलिफोर्नियात राज्याचं लायसन्सच नाही, एका परिषदेचं ऐच्छिक प्रमाणपत्र आहे. राज्याराज्यांत एकच परवाना चालावा म्हणून करार पुढे आला आहे, २०२३ मध्ये नेवाडाने तो सर्वांत आधी स्वीकारला. पण त्याची अट ६२५ तासांची. नवऱ्याची बदली झाली तर मी पुन्हा विद्यार्थिनी. शरीर तर सगळीकडे तेच असतं ना.

लायसन्स आल्यावरची पहिली क्लायंट माझ्याहून वयाने बरीच मोठी होती. पहिल्या मसाजआधी सल्लामसलतीचा कागद भरून दोघांनी सही करायची, हा इथला नियम. कोणता मसाज, कुठे हात लावायचा, कुठे नाही, अंग झाकलेलं राहील, आणि अस्वस्थ वाटलं तर क्लायंट कधीही थांबायला सांगू शकते. त्या शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"कारण सांगावं लागेल?"

"नाही," मी म्हटलं.

तिने पेन घेतलं, 'इथे नको'च्या रकान्यात 'मान' असं लिहिलं, आणि सही केली.