फॉल्ट सरकताना पाहिला तो दिवस

माझं काम भूकंपाच्या नोंदी साफ करण्याचं. मोठ्या हादऱ्यात यंत्र जमिनीचं त्वरण टिपतं. ते एकदा इंटिग्रेट केलं, म्हणजे क्षणाक्षणाची बेरीज केली, की वेग मिळतो, पुन्हा केलं की विस्थापन, म्हणजे जमीन किती सरकली ते. ऐकायला सोपं. पण हादऱ्यात यंत्राचा पाया केसभर जरी कलला, तरी दुसऱ्या इंटिग्रेशननंतर आलेख भलतीकडेच वाहत जातो. मग जमीन खरंच सरकली की यंत्र कललं, बेसलाइन (आलेखाची शून्यरेषा) कुठून दुरुस्त करायची, यावर आमची हमरीतुमरी. 1999 च्या तैवानमधल्या चीची भूकंपात टीसीयू068 या भूकंपनोंद केंद्रावर जमिनीचा वेग सेकंदाला जवळपास 3 मीटर निघाला, हे मला पाठ होतं. पण जमीन त्या वेगाने जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते कधी डोळ्यांसमोर येत नसे.

2025 च्या मे महिन्यात शेजारच्या टेबलावरून हाक आली, "अगं, हे बघ आधी." म्यानमारमधल्या एका सौरऊर्जा प्रकल्पाचं सीसीटीव्ही चित्रण होतं. 28 मार्चला तिथल्या सागाइंग फॉल्टवर, म्हणजे जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकतात अशा जमिनीतल्या लांबच लांब भेगेवर, 7.7 मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, तेव्हाचं. कॅमेरा या फॉल्टच्या रेषेपासून जेमतेम 20 मीटरवर. फाटक थडथडायला लागलं, सगळ्यांची नजर तिकडेच. "फाटक सोड, मागे बघ."

मागे जमीन दुभंगली आणि पलीकडची बाजू आख्खी उजवीकडे निघून गेली. अलीकडच्या काँक्रीटच्या कडेवर कर्सर ठेवून मी एकेक फ्रेम पुढे ढकलत राहिले. सरकणं सुरू झालं, भरकन वेग घेतला आणि थांबलं. सगळा खेळ सेकंदा-दीड सेकंदाचा! या फॉल्टचा शेकडो किलोमीटरचा तुकडा टोकापर्यंत फाटायला मिनिटाहून जास्त वेळ लागला, पण या एका जागेचं काम एवढ्यातच आटोपलं. फॉल्ट सगळीकडे एकदम घसरत नाही, घसरण्याचा एक अरुंद पट्टा त्याच्यावरून धावत जातो, असं भूकंपशास्त्रज्ञ थॉमस हीटन यांनी 1990 मध्ये मांडलं होतं. त्यावर आमच्याकडे भरपूर वाद झाले आहेत. त्या दुपारी कोणी वाद घातला नाही.

बाहेरचा माणूस विचारतो "किती रिश्टर?", अभियंता विचारतो "किती g?", म्हणजे जमिनीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या किती पट. माझ्या मते फॉल्टच्या कुशीत दोन्ही प्रश्न अपुरे. टीसीयू068 वर त्वरण अर्ध्या g च्या आसपासच होतं. उंच इमारतीला किंवा लांब पुलाला खरा धोका त्या एका लांबलचक, जोरकस ढकलण्याचा, आणि तो वेगाच्या आलेखात दिसतो.

पुढे क्योटो विद्यापीठाच्या जेसी किअर्स आणि योशिहिरो कानेको यांनी चित्रणाचं पिक्सेल-पिक्सेल मोजमाप केलं: 1.3 सेकंदांत सुमारे 2.5 मीटर, कमाल वेग सेकंदाला 3 मीटरहून अधिक. पण मला जास्त भावलं ते दुसरंच. जमीन सरळ रेषेत गेली नव्हती, तिची वाट किंचित वळलेली होती. भूपृष्ठाजवळ फॉल्टवरचा दाब कमी असतो, त्यामुळे फॉल्टवरून धावत येणारी भेग सुरुवातीला जमिनीच्या सरकण्याला जरा आडवाटेला नेते. जुन्या फॉल्टच्या घासल्या गेलेल्या पृष्ठांवर असेच वाकडे ओरखडे सापडतात. ते कुठल्या बाजूला वळलेत, त्यावरून जुना भूकंप कोणत्या दिशेने फुटत गेला ते ओळखता येतं. आणि दिशा कळणं महत्त्वाचं, कारण ही भेग ज्या गावाकडे धावत येते त्याच्या वाट्याला तो धक्का जास्त जोराने येतो. तेव्हापासून फील्डवर जाणाऱ्यांच्या मागे माझा एकच लकडा असतो: ओरखड्यांचे फोटो आधी काढा, पाऊस पडला की मऊ मातीतले पुसले जातात.