तंबोऱ्याचं शिबिर

दिवाळीची सुट्टी संपत आली की सांगलीत आमच्या मंडळाचं शिबिर भरायचं. गाण्याचं नाही, तबल्याचं नाही, निव्वळ तंबोऱ्याचं. "चार तारा छेडायला दोन दिवस कशाला लागतात?" हा प्रश्न दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी निघायचाच.

पहिली सकाळ तंबोरे लावण्यातच जायची. आधी पंचमाची तार, मग जोड म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा, शेवटी सगळ्यात खालच्या षड्जाची जाड तार, खर्ज. खुंटी पिळून स्वर जवळपास आला की उरलेलं बारीक काम तारेत ओवलेले मणी सरकवून. आठ-दहा जण एकाच हॉलमध्ये लावायला बसले की कुणाचंच धड लागायचं नाही, म्हणून शिकवणाऱ्या बाई एकेकाला व्हरांड्यात पाठवायच्या. मोबाईलमधल्या तंबोऱ्याशी ताडून बघायला सक्त मनाई. मधल्या बोटानं पंचम, बाकीच्या तिन्ही तारा तर्जनीनं, आणि गाणाऱ्यानं लय वाढवली तरी आपला हात तसाच. ऐकायला सोपं वाटतं. वीस मिनिटं करून बघा.

दुपारनंतर मिरजेहून तंबोरे दुरुस्त करणारे चाचा यायचे. मिरजेतलं वाद्यं बनवायचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी ते हाती घेतलं आणि त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. चाचा हा इतिहास कधी सांगत बसले नाहीत. तारा सैल करून त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस फिरवायची, भुकटी फुंकायची, तार चढवायची, मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो नखानं केसभर पुढे सारायचा. इतका वेळ ठणठण वाजणारी तार मधेच उघडायची, मधमाशांचं पोळं जागं व्हावं तशी. हीच जवारी. "आता बोलली," एवढंच म्हणून ते पुढचा तंबोरा ओढायचे. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मंडळानं त्यांना हार घातला. तो त्यांनी लगेच काढून ठेवला आणि कानस कुठंय म्हणून विचारलं.

संध्याकाळी चहा-भडंग झालं की बाई नुसता खर्ज वाजवत राहायच्या आणि त्यातून आपोआप उमटणारा गंधार ऐकायला सांगायच्या. काहींना तो खरंच ऐकू यायचा. न ऐकताच माना डोलवणारेही बरेच होते आणि बाईंना ते चेहऱ्यावरून कळायचं.

एका वर्षी मुंबईच्या सिनेसंगीतात उमेदीची वर्षं घालवलेले एक वादक पाहुणे आले, डबल बास घेऊन. माणसाच्या उंचीचं ते धूड जिना चढवताना चौघांची दमछाक झाली. त्यालाही तारा चारच. शेजारच्या दोन तारांत सा-मचं अंतर, आणि सगळ्यात जाड तार पांढरी तीनची (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी), आमच्या खर्जाच्याही खाली. गज फिरवला की आवाज कानाआधी सतरंजीतून मांडीला लागायचा. पाहुणे म्हणाले, "मी वाजवतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही. थांबलो की मात्र सगळे वळून बघतात." बाईंनी हे वाक्य पुढे प्रत्येक शिबिरात वापरलं. चाचांनी त्या वाद्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर टिचकी मारली आणि काळजीनं विचारलं, "याला जवारी नाही?"

2019 च्या महापुरात सांगलीच्या गावभागात ठेवलेले मंडळाचे तंबोरे पाण्यात गेले. भोपळ्यांचे सांधे सुटले, भोपळ्यांवरच्या लाकडी तबल्या फुगल्या. चाचांनी ते मिरजेला नेऊन सावलीत वाळवले. काही वाचले, काही नाही. त्या वर्षीचं शिबिर उसन्या तंबोऱ्यांवर झालं.

दुसऱ्या रात्री बाहेरच्या गायकाची मैफल असायची आणि मागे साथीला शिबिरातली दोन मुलं. तिथं कोण बसणार यावरून रुसवेफुगवे ठरलेले. पालकांची तक्रार वेगळीच: गायकाच्या पाठीमागं आमचं पोर फोटोत दिसतच नाही. अखेर मंडळ नमलं. मैफलीनंतर मुलांचा तंबोऱ्यांसकट वेगळा फोटो निघू लागला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही तेच फोटो फिरत असतात आणि त्यातल्या एकातही बाई नाहीत, कारण त्या वेळी त्या आत तंबोऱ्यांना गवसण्या घालत असत.