काकूंच्या वजनकाट्यावर

मे महिन्यातली दुपार, मुलुंडची चार मजली जुनी सोसायटी. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं गाऱ्हाणं एकच: "चार वर्षांपूर्वी गच्चीवर इन्सुलेशन केलं, वर्गणी भरली, तरी रात्री अकराला छत तव्यासारखं तापलेलं."

मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. कोबा फोडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय. पाण्याच्या पाइपाजवळ, जिथे वरच्या थराला तडा होता, तिथे दोन बाय दोन फुटांचं फोडलं. खाली दोन इंची थर्माकोल. आमच्या पोराने तुकडा उचलला तर त्याच्या मनगटावरून पाणी ओघळलं. भर उन्हाळ्यात! म्हणजे गेल्या पावसाळ्याचं, मुक्कामाला राहिलेलं.

काकूंना पटेना. "थर्माकोल तर तरंगतो हो. बंदीच्या आधी आमचं गणपतीचं मखर त्याचंच असायचं."

तरंगतो खरा, पण दाण्यादाण्यांमधल्या फटींत पाणी हळूहळू जाऊन बसतं. मी फूटभराचा चौकोन कापला आणि थेट त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. 310 ग्रॅम. माझ्या टेम्पोतला तेवढाच कोरा तुकडा ठेवला. 84. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

तोवर सेक्रेटरी तीन माहितीपत्रकं घेऊन आले. हिशेबी माणूस. उष्णता वाहून नेण्याचे आकडे त्यांनी पेनाने गोल करून आणले होते: थर्माकोल 0.036, एक्सपीएस (थर्माकोलचाच घट्ट भाऊ) 0.030, पीआयआर (कडक फोमचा बोर्ड) 0.022. "आकडा जितका कमी तितकं चांगलं ना? मग पीआयआरच घ्या."

आकडे बरोबर होते, पण कोरड्या बोर्डाचे. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. बोर्ड भिजला की पत्रकावरचा आकडा पत्रकावरच राहतो. पीआयआर मला आवडतो, पण घराच्या आत: स्लॅबच्या खाली, आणि त्याच्याही खाली जिप्समची फॉल्स सीलिंग. कमी जाडीत काम होतं, खोलीची उंची फार जात नाही. गच्चीवर कापलेल्या कडा ओल्या राहणार असतील तर मी तो लावत नाही. तिथे एक्सपीएस. त्याच्या पेशी बंद असतात, पाणी फारसं पीत नाही, वरून माणसं चालली तरी दबत नाही.

क्रम मात्र उलटा ठरवला, पाणी अडवणारा थर बोर्डाच्या वर नव्हे, खाली. आधी स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, मग दोन दिवस पाणी तुंबवून खालच्या घरांत ओल येते का ते बघायचं, त्यानंतर बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) आणि शेवटी कोबा. सेक्रेटरींनी विचारलं, "बोर्ड चिकटवणार कशाने?" थिनरवाल्या गोंदाने तर नाहीच. एकदा माझ्याच साइटवर पोरांनी तसला गोंद लावला होता, सकाळी एक्सपीएसची चाळण झालेली. तो माल माझ्या खिशातून गेला. इथे बोर्ड सुटेच मांडायचे, कोब्याच्या वजनाने बसतात.

आधीच्या ठेकेदाराला शिव्या घालायची सोय होती, सेक्रेटरींनी सुरुवातही केली. पण थर्माकोल वाईट नव्हता. भेगाळणाऱ्या कोब्याखाली त्याला उघडा टाकला, एवढंच.

ओला तुकडा काकूंनी मागून घेतला, खिडकीच्या ग्रिलमध्ये उन्हात ठेवला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "अहो, अजून 260 भरतंय!"