पाऊणकी

मी ज्या साप्ताहिकात उपसंपादक म्हणून काम करते ते अंधेरी पश्चिम ते वर्सोवा एवढ्याच टापूपुरते निघते. आठ पाने, त्यांतली अडीच-तीन जाहिरातींची. चौथ्या पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात भरती-ओहोटीची एक लहानशी चौकट असते: सात ओळी, डावीकडे वारांची नावे आणि प्रत्येक वारापुढे दोन भरत्यांच्या व दोन ओहोट्यांच्या वेळा. नोकरीला लागले तेव्हा ही चौकट भरण्याचे काम सर्वांत नवीन माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आले आणि नंतर ते दुसऱ्या कोणी घेतलेच नाही. उड्डाणपुलाच्या रखडलेल्या कामावर आम्ही पहिल्या पानावर चार स्तंभांची बातमी केली तर कार्यालयात एखादा फोन येतो. पाणीकपातीचा वार चुकला, श्रद्धांजलीतले नाव चुकले किंवा ही चौकट जागेअभावी गळाली, तर सोमवारी सकाळपासून फोन थांबत नाही. पावसाळ्यात तर विशेषच. सखल भागातल्या तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला मुसळधार पाऊस नेमका भरतीच्या वेळी येणार की ओहोटीच्या, यावरून गाद्या पलंगावर कधी चढवायच्या ते ठरवावे लागते, कारण समुद्र वर असताना नाल्यांची तोंडे पाणी बाहेर सोडू शकत नाहीत. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि तोही हिशेब ओहोटी गृहीत धरून केलेला होता.

हे सगळे मला माहीत होते. तरीही त्या चौकटीकडे मी पानाचा कोपरा भरणारा मजकूर म्हणूनच पाहत असे, आणि १६ जून २०२४च्या रविवारी जे घडले त्याचे मूळ तिथेच आहे.

त्या रविवारी आमच्या भागातल्या काही गृहनिर्माण संस्थांनी मिळून किनारा स्वच्छतेचा कार्यक्रम ठरवला होता. वर्सोव्याला ही गोष्ट नवीन नाही. वकील अफरोझ शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये इथे कचरा उचलायला सुरुवात केली, पुढे दर आठवड्याला माणसे येत गेली आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरवही केला. त्यानंतर इथे अनेक लहानमोठे गट तयार झाले, काही टिकले, काही छायाचित्रांपुरते राहिले. हा गट टिकणाऱ्यांपैकी होता, कारण त्याचे सचिव निवृत्त बँक अधिकारी होते आणि हातमोज्यांच्या जोड्यांचाही हिशेब वहीत ठेवत असत. त्यांनी बुधवारी मला फोन केला. “रविवारी सकाळी ओहोटी किती वाजता आहे, तेवढे पाहून सांगता का? त्यावरून वेळ ठरवतो आणि शाळेला कळवतो.”

माझ्यासमोर संगणकावर चौथे पान उघडेच होते. आम्ही नवे पान कोऱ्या पाटीवर लावत नाही. मागच्या आठवड्याचे पान उघडून त्यातला मजकूर बदलत जातो. चौकटीत तारखा नसतात, फक्त वार असतात. मी ‘रविवार’ची ओळ पाहिली आणि सांगून टाकले की सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी आहे. ती ओळ ९ जूनच्या रविवारची होती. शुक्रवारी पान लावताना एक जाहिरात उशिरा आली, दुसरी रद्द झाली, आणि चौकटीपाशी पोहोचले तेव्हा मनात अशी पक्की समजूत होती की हिच्यातल्या वेळा तर मी परवाच पाहिल्या आहेत. अशा रीतीने पहिल्या पानावरचे निवेदन (‘ओहोटी सकाळी आठला असल्याने सर्वांनी साडेसातपर्यंत जमावे’) आणि चौथ्या पानावरची चौकट यांचा मेळ अगदी चोख बसला. मुद्रितशोधकाने दोन्ही ताडून पाहिले होते. त्याला तरी दोष कसा द्यावा?

रविवारी सव्वासातला मी किनाऱ्यावर पोहोचले. पाऊस रात्रभर पडून नुकताच थांबला होता. त्या वर्षी मुंबईत मान्सून ९ जूनलाच दाखल झाला होता. शे-सव्वाशे माणसे जमली होती. शाळा आदल्याच दिवशी सुरू झाल्या होत्या, तरी एका शाळेची तीस-पस्तीस मुले गणवेशात दोन रांगांत उभी होती. कचरा वाहून नेण्यासाठी ट्रॅक्टर आला होता, आणि त्याचा चालक खाली उतरून कमरेवर हात ठेवून समुद्राकडे पाहत होता. जिथून लांबवर ओली, घट्ट वाळू उघडी पडलेली दिसायला हवी होती, तिथे पाणी होते. ते मागे हटत नव्हते, उलट थोडेथोडे पुढेच येत होते. सचिवांच्या हातात आमचा अंक घडी घालून धरलेला होता. त्यांनी एकदा त्याकडे पाहिले, एकदा समुद्राकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहून अतिशय सौजन्याने विचारले, “छापण्यात काही राहिले का हो?”

त्या क्षणी माझ्या मनात काय चालले होते ते मी सांगू शकते. मी शनिवारी रात्रीच्या वाऱ्याचा, पावसाच्या जोराचा, काहीतरी तांत्रिक वाटेल अशा कारणाचा शोध घेत होते. वाऱ्याने आणि लाटांनी पाणी थोडेफार चढते हे खरे, पण ओहोटीची भरती होत नाही.

वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांपैकी एकीच्या आडोशाला, निळ्या ताडपत्रीखाली, एक वृद्ध नाखवा जाळे सांधत बसले होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि डागडुजीची कामे याच काळात उरकली जातात. ते बराच वेळ आमच्याकडे पाहत असावेत. आमचा गोंधळ जवळ आला तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारले, “आज तिथी कुठली?”

शंभरावर माणसांत कोणालाही पटकन सांगता येईना. शेवटी मागून एक बाई म्हणाल्या, “गंगादशहरा आहे आज. ज्येष्ठ शुद्ध दशमी.”

“मग झालं. दाहा पाऊणे साडेसात. साडेसातची भरती. दशमीला आणखी अर्धा तास पुढं धरायचा. आठाला ओटी कशी होईल?”

तिथी गुणिले पाऊण, इतकाच तो हिशेब. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो की वद्य, दुपारची असो की मध्यरात्रीनंतरची, दोन्हींना तोच आकडा, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, म्हणून पक्षाच्या उत्तरार्धात हा हिशेब मागे पडतो; नाखवांनी धरायला सांगितलेला ‘आणखी अर्धा तास’ हा त्या साचलेल्या मिनिटांचा होता. मी मनातल्या मनात मागच्या रविवारची तिथी काढली. तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी आठला. माझी चूक कुठे झाली ते मला तिथे, वाळूवर उभ्याउभ्या कळले. सात तिथींचे सात पाऊणे सव्वापाच तास होतात. आठवडाभर जुनी चौकट छापली की भरती आणि ओहोटी जवळजवळ नेमक्या एकमेकींच्या जागी जातात. याहून अचूक चूक करायची म्हटले तरी जमली नसती.

मी सचिवांना सांगितले की चूक माझी आहे, मागच्या आठवड्याची ओळ वाचली. ते काही बोलणार तेवढ्यात नाखवांनी जाळे खाली ठेवले आणि उत्तरेकडे, खाडीच्या बाजूच्या खडकांकडे हात केला. “ती पोरं कोणाची?”

आमचे निवेदन वाचून एक शिक्षक पाच मुलांना घेऊन लवकर आले होते आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक दाखवण्यासाठी थेट तिकडे गेले होते. शंखशिंपले, खेकडे, समुद्रफुले दाखवण्याचा त्यांचा बेत होता. पाणी उतरेल या भरवशावर ते थांबले होते. नाखवा आणि त्यांचा पुतण्या निघाले, मी मागोमाग. फार काही घडले नाही, हे आधीच सांगते: मुले गुडघाभर पाण्यातून हसत परत आली, एकाची चप्पल गेली, शिक्षकांचा मोबाइल भिजला. पण येताना एक लाट मुलांच्या कमरेपर्यंत आली, आणि नाखवांच्या पुतण्याने सर्वांत लहान मुलाला न बोलता उचलून खांद्यावर घेतले, ते दृश्य आजही शुक्रवारी पान लावताना मला आठवते. त्या शिक्षकांनी वेळ कुठे वाचली होती हे मला विचारायची गरज नव्हती.

आता कार्यक्रम रद्द करावा असे सर्वांचे मत पडले. ट्रॅक्टरचालकाने इंजिन सुरूही केले. नाखवा मात्र म्हणाले, “कचरा उचलायचा तर आजच उचला. आज भांग आहे.”

भांग म्हणजे अष्टमीच्या आगेमागे येणारी मंद भरती. तिचे पाणी फार चढत नाही आणि ओहोटीला फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला उधाण म्हणतात, तेव्हा चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. ६ जूनला अमावास्या होती आणि त्या दिवसांत साडेचार मीटरांहून उंच उधाण येऊन गेले होते. नाखवांनी आम्हाला वर, जवळपास भिंतीला लागून, किनाऱ्याला समांतर गेलेली एक काळपट रेघ दाखवली. उधाणाने समुद्रातले सगळे तिथवर आणून टाकले होते आणि त्यानंतरची प्रत्येक भरती त्या रेघेच्या खालीच राहिली होती. तो कचरा दहा दिवस जागचा हललेला नव्हता. येत्या शनिवारी पौर्णिमा होती. “तोवर नाय उचलला, तर दर्या परत न्हेल,” ते म्हणाले, “आन मग आमच्या जाळ्यात.”

आम्ही नेहमी ओहोटीला जमत असू, कारण ओहोटीला किनारा मोठा दिसतो आणि ट्रॅक्टर फिरतो. त्या मोठ्या दिसणाऱ्या किनाऱ्यावर आम्ही ओल्या वाळूत रुतलेल्या पिशव्या ओढत बसायचो, आणि वरची सुटी रेघ तशीच राहून पुढच्या उधाणाला परत पाण्यात जायची. माझ्या चुकीमुळे प्रथमच आमच्यापुढे ती रेघ सोडून दुसरे काही उरले नव्हते. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा राहिला, माणसांची साखळी झाली, आणि साडेअकरापर्यंत आम्ही त्या रेघेवरून सरकत गेलो. तिच्यात काय होते ते सांगण्यासारखे आहे: शांपूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, कान कोरायच्या काड्या, थर्माकोलचा चुरा, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, एका पायाच्या असंख्य चपला. आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. पिशवी भंगारात जाते, पण नखाएवढा कोपरा ओट्यावरून मोरीत, मोरीतून गटारात आणि गटारातून इथे येतो. शाळेच्या मुलींनी फक्त हे कोपरे वेचायचे ठरवले आणि त्यांची एक बादली भरली.

मध्ये चहा आला तेव्हा मी नाखवांजवळ बसले. हा हिशेब कोणी शिकवला असे विचारले, तर म्हणाले, शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेत, बाकी बापाने शिकवले. मुलांपैकी कोणाला पाऊणकी येते का, असे त्यांनी हसत विचारून पाहिले. पावकी, निमकी हे शब्दच मुलांनी ऐकलेले नव्हते. मग ते २६ जुलै २००५ बद्दल बोलू लागले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. “पावणेचारची भरती. दोन वाजता आभाळ बघूनच मी घरात म्हटलं, आता पाणी जायला वाट नाय.” मी त्या दिवसाच्या भरतीची वेळ नंतर शोधून पाहिली. पावणेचारच्या सुमाराचीच होती.

दुसऱ्या दिवशी संपादकांना सगळे सांगितले. आमच्याकडे चुकीची दुरुस्ती शेवटच्या पानावर, छपाई-प्रकाशनाच्या मजकुराच्या वर, बारीक टायपात देण्याची पद्धत आहे. मी पहिल्या पानावर देऊ या म्हटले. संपादक थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पहिले पान सगळे चाळतात. चौकट पाहणारे चौकटच पाहतात. तिथेच दे, आणि मुले पाण्यात होती हेही लिही.” त्यांनी ते वाक्य लिहायला लावले याचा तेव्हा मला राग आला होता, आता येत नाही.

त्या आठवड्यापासून चौकटीत दोन रकाने वाढले, तारीख आणि तिथी. वेळा अर्थातच भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकांवरूनच घेतो. स्वच्छतेच्या गटाने आपली वही दोन भागांत केली आहे: भांगाला वरची रेघ, उधाणाच्या ओहोटीला खडक आणि खालची वाळू. सचिव दर महिन्याला तारखा स्वतः काढतात आणि ताडून पाहायला मला फोन करतात, मी सांगितलेली वेळ ऐकून घेतात, आणि मग पलीकडून पुटपुटणे ऐकू येते, “बारा पाऊणे नऊ... अधिक अर्धा...”