सरसला जायचं होतं, आणि भाऊबंदांच्या सह्या गोळा करत बसले

मुंबईत दरवर्षी बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन भरतं. उमेद या सरकारी अभियानातून राज्यभरातल्या बचत गटांच्या बायका आपापल्या गावचा माल घेऊन तिथे येतात. 2025च्या फेब्रुवारीत आमच्या खाडीकाठच्या गटालाही तिथे जागा मिळाली. आमसुलं, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि थोडे सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, एवढा आमचा माल. निवड, ठराव, तालुक्याच्या बैठका हे सगळं गावातल्या गटांचं काम बघणाऱ्या आमच्या सीआरपी ताईंनी इतकं नीट करून घेतलं की त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी लिहायला बसले आहे ते फूड लायसनबद्दल. त्यात माझे सव्वीस दिवस गेले आणि तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

सगळे त्याला लायसन म्हणतात, पण आमच्यासारख्या छोट्या गटाला लागते ती एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी. आम्ही केली तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असली की नोंदणी पुरायची, आणि तिची फी वर्षाला 100 रुपये होती. एकदम पाच वर्षांचीही करता येत होती. हे आज मला तोंडपाठ आहे. डिसेंबरात यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात गेले. तिथल्या माणसाने दोन हजार सांगितले, त्यातले पंधराशे लगेच घेतले आणि घराचा उतारा मागितला. आगळ आणि पोळ्या आम्ही आमच्याच घरी, मागच्या पडवीत करतो. ग्रामपंचायतीतून नमुना 8 काढून नेला. त्यावर नाव माझ्या आजेसासऱ्यांचं, ‘व इतर’ असं. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली.

तो म्हणाला, "सामायिक घर आहे. सगळ्या हिस्सेदारांचं संमतिपत्र लागेल, स्टॅम्प पेपरवर. नाहीतर फॉर्म रिजेक्ट होणार."

कोकणात ज्याचं घर आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल. आमचे हिस्सेदार अकरा. दिव्याला एक, नालासोपाऱ्याला दोघे, बदलापूरला एक, एक सुरतेला, एक पुण्यात, आतेसासूबाई दोन डोंगरांपलीकडे त्यांच्या सासरी, चुलत सासरे गावातच, पण 2009 सालच्या वाटणीच्या बोलण्यापासून आमच्या ओटीवर पाय न ठेवलेले. उरलेल्या तिघांचे नंबरसुद्धा आमच्याकडे नव्हते. स्टॅम्प पेपरही आदल्याच ऑक्टोबरात 100चा जाऊन 500चा झाला होता.

ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "या भानगडीत पडू नको. सह्या म्हटलं की माणसं घर आठवतात." पण गटातल्या दहा बायकांनी मे महिन्यात उन्हातान्हात कोकमं फोडली होती, सालींना रसाची पुटं देऊन देऊन वाळवली होती. कपाटभर आंबापोळी सरससाठी म्हणून राखून ठेवली होती. मी त्यांना काय सांगणार होते? दुसऱ्या दिवसापासून फोन करायला बसले.

नालासोपाऱ्याच्या मोठ्या भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वैनी, खरं सांगा, घर तुमच्या नावावर करताय काय?" त्यांच्या धाकट्याने फोनच बायकोकडे दिला. सुरतेहून उत्तर आलं, वकिलाला दाखवून सांगतो. बदलापूरच्या ताई म्हणाल्या, आमचा हिस्सा राहूदे, पण गणपतीत आलो की आम्हाला माडीवरची खोली मिळत नाही त्याचं काय? त्या खोलीत आमची नांगराची जुनी लाकडं आणि कौलं भरलेली असतात, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी आमसुलं विकायला निघाले होते आणि बोलणं माडीवरच्या खोलीवर चाललं होतं. रात्री फोन ठेवला की डोकं ठणकायचं.

आतेसासूबाईंकडे एसटीने गेले. ऐंशी उलटलेल्या. त्यांनी काही न विचारता अंगठा दिला, वर कुळथाचं पीठ बांधून दिलं, "हे पण वीक" म्हणाल्या. परतीच्या गाडीत मला रडू आलं. त्यांच्या अंगठ्याला शाई लावायची काही गरजच नव्हती हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

चुलत सासऱ्यांकडे तीन वेळा गेले. पहिल्या दोन वेळा ते अंगणातच थांबले, बसा म्हणाले नाहीत. तिसऱ्या वेळी जाऊबाईंनी चहा आणला आणि अण्णांनी कागद हातात घेतला. चष्मा लावून पूर्ण वाचला, दोनदा. मग म्हणाले, "यात घराचं काय नाय ना?" नाही म्हटलं. त्यांनी सही केली. सोळा वर्षांत त्या घरातून आमच्या घरात आलेला तो पहिला कागद.

अशा आठ सह्या झाल्या. सव्विसाव्या दिवशी दिव्याच्या भाऊजींना फोन लागला. ते दिवा स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावतात. त्यांनीही आधी तेच विचारलं, घराचं काय आहे म्हणून. मी अगदी पहिल्यापासून सांगितलं. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वैनी, मी गाडीचं काढलंय ना ते. मला कोणी सह्या नाय विचारल्या. फोटो आणि आधार. तुम्ही स्वतः बघितलं का फॉर्म?"

मी बघितला नव्हता.

त्या रात्री मुलीच्या मोबाइलवर फॉसकॉस हे एफएसएसएआयच्या अर्जांचं पोर्टल उघडलं. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म ए. त्याला लागत होतं एक फोटो आणि एक सरकारी ओळखपत्र. ओळखपत्रावरचा पत्ता आणि माल करण्याची जागा वेगळी असेल, तरच जागेचा पुरावा. माझ्या आधारवर तेच घर, तोच पत्ता. म्हणजे उताऱ्याचीसुद्धा गरज नव्हती, मग भाऊबंदांच्या सह्या कुठून आल्या? पाच वर्षांचे 500 रुपये भरले, अर्ज पाठवला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. पाऊण तास लागला, त्यातही अर्धा वेळ रेंजची वाट बघण्यात. सहाव्या दिवशी प्रमाणपत्र आलं. नंतर समजलं की तेव्हा नियमच तसा होता: अर्ज पोहोचल्यापासून 7 दिवसांत नोंदणी द्यायची, नाहीतर कारण लिहून नाकारायची, नाहीतर तपासणीची नोटीस काढायची.

सेवा केंद्रात गेले तर कळलं, त्या माणसाने अर्ज उघडलेलाच नव्हता. सह्यांची वाट बघत होतो म्हणाला. पंधराशेपैकी हजार परत घेऊनच मी तिथून उठले. त्याचं मन वाईट असेल असं मला वाटत नाही, पण माहीत नसताना ठाम बोलणाऱ्या माणसामुळे एका घरातली जुनी भांडणं पुन्हा ढवळली गेली. म्हणून कळकळीने सांगते, कोणीही कागद मागितला की तो कुठल्या नियमात आहे ते विचारा, आणि फॉर्म आधी आपल्या डोळ्यांनी वाचा. हाताशी मोबाइल असलेली एक मुलगी आता प्रत्येक घरात आहे.

नोंदणी आली तरी लेबलं व्हायची होती, आणि हातात जेमतेम आठवडा. 14 अंकी क्रमांक पाकिटावर लागतो. त्याबरोबर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच, सर्व करांसहित किंमत, पत्ता, फोन. शाकाहारी मालाला चौकोनात हिरवा ठिपका. सोड्यांना प्रेसवाल्याने तपकिरी ठिपका छापला होता. तो आता चालत नाही, चौकोनात तपकिरी त्रिकोण लागतो. तेवढी पाकिटं पुन्हा छापली. छापायला टाकण्याआधी एकेक पाकीट कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

हे आधी सांगायला हवं होतं: सरस फेब्रुवारीत असलं तरी तयारी मे महिन्यातली आहे. निवडीचं कळतं तेव्हा झाडावर ना कोकम असतं ना फणस. आम्ही राखून ठेवलं म्हणून निभावलं. आंबापोळीवर मे महिन्याची तारीख बघून गिऱ्हाईक विचारतं, एवढी जुनी? त्याला सरळ सांगायचं, आंबा तेव्हाच पिकतो. बहुतेकांना पटतं.

मैदानावरच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, ते चांगलेच गेले. मी आणि आमच्या अध्यक्षबाई दिव्याला भाऊजींकडेच उतरलो. रोज सकाळी लोकलने कुर्ला, तिथून बसने मैदान. रात्री परत येईपर्यंत त्यांची मुलगी भात लावून ठेवायची. विदर्भातल्या बायकांकडून त्यांचं तिखट घेतलं, त्यांना सोलकढी कशी करायची ते सांगितलं. तिथे सगळ्यांत आधी आगळ संपलं. मुंबईतल्या कोकणी माणसाला बाटलीचा रंग लांबून ओळखू येतो. शेवटच्या रविवारी नालासोपाऱ्याचे मोठे भाऊजी कुटुंबाला घेऊन आले. सहीचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. त्यांनी दोन किलो आमसुलं घेतली आणि पैसे देताना मी नको म्हटलं तर रागावले. गटाचा माल आहे, म्हणाले, घरचा नाही. त्यांचं बरोबर होतं, मी पैसे घेतले.

दोन गोष्टी राहिल्या. क्यूआर कोड गटाच्या खात्याचाच घ्या आणि निघण्याआधी बँकेतून चालू झाला आहे ना ते दहा रुपये टाकून बघा. आमचा पहिल्या दिवशी चालला नाही आणि पैसे अध्यक्षबाईंच्या मुलाच्या नंबरवर घ्यावे लागले, नंतर हिशोब जुळवताना तीन संध्याकाळी गेल्या. आणि आगळाच्या बाटल्या टेम्पोत आडव्या ठेवू नका. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून, उभ्या, मध्ये पेंढा. आमच्या चार बाटल्या वाटेतच गळल्या आणि खालच्या थरातली फणसपोळी आंबट झाली. ती घरीच खाल्ली.